सकर घेताय? आधी तो कोणता ते ओळखा

नवी टाकी घेतली की दुकानदार बाकीच्या माशांबरोबर एक सकरही पिशवीत घालून देतो. "काच साफ ठेवेल, वेगळं खाणं लागत नाही," हे वाक्य सोबत येतंच. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, कुर्ल्याच्या माशांच्या दुकानांत, तालुक्याच्या गावातल्या छोट्या दुकानात, सगळीकडे मी ते ऐकलं आहे. काच साफ ठेवण्याची गोष्ट अर्धवट खरी आहे. खाणं लागत नाही ही गोष्ट मात्र साफ चुकीची, आणि तिच्यामुळे या माशांचे फार हाल होतात.

माझा पहिला सकर असाच आला. बोटाच्या दोन पेरांएवढा होता. दोन फुटी टाकीत सोडला आणि चौदा महिन्यांत तो माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भरला. टाकीची रुंदी एक फूट. वळताना त्याची शेपटी काचेला घासायची. रात्री कशाला तरी दचकून उधळला की सकाळी झाडं उपटलेली आणि दगड कलंडलेले दिसायचे. शेवटी सहा फुटी टाकी असलेल्या एका शौकिनाने त्याला नेलं. तिथे तो सुखात राहिला, पण शेपटीचं एक टोक कायमचं वाकडं झालं होतं. तुमच्या माशाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून सांगतो: सगळ्यात महत्त्वाचं काम टाकी लावण्याचं नाही, दुकानात उभं राहून मासा ओळखण्याचं आहे.

हा मासा मुळात कुठला

आपण ज्याला सकर म्हणतो तो प्लेको, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला चिलखती कॅटफिश. आपल्याकडच्या शिंगट्याचा, शिवड्याचा हा लांबचा भाऊबंद. पण त्यांची कातडी गुळगुळीत असते, तर याच्या अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं कवच असतं. तोंड खालच्या बाजूला, गोल चकतीसारखं. या चकतीने तो वाहत्या पाण्यातही दगडाला धरून राहतो आणि बारीक दातांनी दगडावरचं शेवाळ खरवडतो. या घराण्याचं नाव लोरिकॅरिडी. त्यात हजारापर्यंत जाती आहेत. 'प्लेको' हे नाव प्लेकोस्टोमस या शब्दावरून आलं. त्याचा अर्थ दुमडलेल्या तोंडाचा. लिनिअसने १७५८ मध्ये यातल्या एका जातीची नोंद केली तेव्हा चिलखत बघून त्याने तिला चक्क स्टर्जन माशांच्या गटात टाकलं होतं.

सगळ्या हजार जाती ओळखायची गरज नाही. आपल्या दुकानांत 'सकर' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा दोनच प्रकार असतात. एक दीड फुटापर्यंत वाढणारा, दुसरा पाच-सहा इंचांवर थांबणारा. लहानपणी दोघेही बोटाएवढे आणि काळपट. सगळा घोळ इथेच होतो.

दुकानात काय बघायचं

मोबाइल काढा आणि काचेजवळ जा. मासा काचेला चिकटलेला असेल तर उत्तम, कारण त्याचं पोटही दिसतं. तो जागा बदलेपर्यंत थांबा; हलताना तो पाठीवरचा पर उघडतो. तेवढ्यात दोन-तीन फोटो घ्या आणि मोठे करून बघा.

पाठीवरच्या परात पुढे एक जाड, टणक काटा असतो. तो सोडून द्या. त्याच्या मागे पंख्याच्या काड्यांसारख्या मऊ काड्या असतात, त्या मोजा. दहा किंवा त्याहून जास्त भरल्या तर तो टेरिगोप्लिक्थिस. हाच तो 'कॉमन' किंवा 'सेलफिन' म्हणून विकला जाणारा, पर उभारला की शिडासारखा दिसणारा मोठा मासा. चाळीस ते पन्नास सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. काड्या सातच्या आसपास असतील तर तो हायपोस्टोमस किंवा अँसिस्ट्रस. जुन्या पुस्तकांत 'कॉमन प्लेको' म्हणून हायपोस्टोमसचं नाव असतं, पण आज त्या नावाखाली बाजारात येणारे मासे बहुतेक टेरिगोप्लिक्थिसच असतात. आणि आपल्याला हवा आहे तो अँसिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज.

ब्रिसलनोज वरून पाहिला तर बेडकाच्या पिल्लासारखा दिसतो: डोकं रुंद, चपटं, मागे अंग निमुळतं. नाकाच्या पुढच्या कडेला चिलखत नसतं, तिथे मऊ उघडी कातडी असते. पोटही उघडं, पट्ट्यांशिवायचं. रंग गडद तपकिरी, त्यावर बारीक फिकट ठिपके. पिल्लांच्या शेपटीची टोकं बऱ्याचदा पांढरट असतात. मोठ्या सकरचं उलट असतं, फिकट अंगावर गडद ठिपके. त्याच्या पोटावरही नक्षी असते: ठिपके सुटे असतील तर पार्डालिस ही जात, एकमेकांत मिसळून गांडुळासारख्या रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. घरच्या टाकीसाठी दोघेही तितकेच मोठे, त्यामुळे या फरकात फार अडकू नका.

नाकावरच्या मिशा बघून ब्रिसलनोज ओळखू, असं अनेकांना वाटतं. पण मासा दोन-अडीच इंचांचा होईपर्यंत मिशा नीट दिसत नाहीत, आणि मादीला तर जवळजवळ नसतातच. रंगावर तर अजिबात जाऊ नका. पिवळसर-पांढरा, लाल डोळ्यांचा 'अल्बिनो सकर' ब्रिसलनोजही असतो आणि दीड फुटी सकरही असतो. रंगाची फसगत काड्या मोजल्या की मिटते.

आणखी एक मासा या गर्दीत घुसतो. पिवळा, सडपातळ, 'गोल्डन सकर' नावाने विकला जाणारा. हा प्लेको नाही. आग्नेय आशियातला गायरिनोकायलस आहे. अंगावर चिलखत नाही, साधे खवले आहेत, आणि पाठीवर शेपटीजवळ जो छोटा दुसरा पर प्लेकोला असतो तो याला नसतो. लहानपणी गरीब वाटतो, मोठा झाला की इतर माशांच्या मागे लागतो. नवशिक्याने टाळावा.

तोंडाने दगडाला धरून राहणारे मासे आपल्याकडेही आहेत, हे जाता जाता सांगायला मला आवडेल. सह्याद्रीच्या ओढ्यांत मिळणारा मळ्या हा त्यातलाच. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिताना त्याच्या शास्त्रीय नावात आपला 'मुल्या' हाच शब्द ठेवला. पण तो थंड, खळाळत्या पाण्याचा मासा. ओढ्यातून धरून घरच्या कोमट टाकीत आणू नका.

एल क्रमांक म्हणजे काय

मोठ्या दुकानांत काही प्लेकोंच्या टाकीवर 'एल ४६', 'एल १४४' असं लिहिलेलं दिसतं. ब्राझील, व्हेनेझुएलातून इतक्या नव्या जाती येऊ लागल्या की शास्त्रज्ञ नाव देईपर्यंत थांबणं व्यापाऱ्यांना शक्य नव्हतं. म्हणून १९८८ मध्ये डाट्झ या जर्मन मासिकाने फोटो छापून प्रत्येकाला क्रमांक द्यायला सुरुवात केली. एल म्हणजे लोरिकॅरिडी. क्रमांक म्हणजे जात नव्हे, हे लक्षात ठेवा. पिवळ्या ठिपक्यांच्या गोल्ड नगेटला एल १८, एल ८१, एल १७७ असे वेगवेगळे क्रमांक मिळाले आणि २०११ मध्ये ते सगळे एकाच जातीचे ठरले.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा, म्हणजे एल ४६, फोटोत पाहून सगळ्यांनाच मोह होतो. तो जगात फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीत, एका छोट्या पट्ट्यात सापडतो, आणि तिथेच बेलो मोंते धरण झालं आहे. ब्राझीलने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली आहे. कुणी नदीतून धरलेला झेब्रा देऊ करत असेल तर घेऊ नका. पहिल्या माशासाठी तर तो नाहीच.

धडधाकट मासा निवडणं

पोट बघा. खपाटीला गेलेलं, आत वळलेलं पोट म्हणजे मासा कित्येक दिवस उपाशी आहे, आणि असा मासा घरी आणून वाचवणं कठीण असतं. डोळे खोल गेलेले असतील तरीही नको. बुबुळाचा आकार विचित्र वाटला तर घाबरू नका. प्रखर प्रकाशात प्लेकोच्या बाहुलीवर वरून एक पडदा उतरतो आणि ती घोड्याच्या नालासारखी दिसते. ते निरोगीपणाचंच लक्षण.

दुकानदाराला जाळीऐवजी भांड्याने मासा काढायला सांगा. परांचे काटे आणि गालावरचे बारीक आकडे जाळीत अडकतात, ओढले तर मोडतात. अडकलाच तर जाळी कापायची, माशाला ओढायचं नाही. काट्यांनी प्लास्टिकला भोक पडतं म्हणून पिशवी दुहेरी घ्या.

टाकी

एका ब्रिसलनोजसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी चालते. ती काठोकाठ भरली तर साधारण छप्पन लिटर पाणी बसतं. माझं मत विचाराल तर अडीच-तीन फुटी घ्या, पाणी जास्त असलं की चुका पचतात. दोन नर लहान टाकीत एकत्र नकोत, गुहेवरून भांडतात. मोठ्या सकरला सहा फूट बाय दोन बाय दोन, म्हणजे पावणेसातशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. तेवढी जागा आणि तेवढं वजन पेलणारी जमीन असेल तर तो जरूर पाळा. सुंदर, दीर्घायुषी मासा आहे. नसेल तर 'लहान आहे तोवर ठेवू' असं म्हणू नका. ते दिवस फार लवकर संपतात.

टाकी भरली त्याच दिवशी सकर सोडायचा नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. तोवर टाकी माशांशिवाय चालवा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका आणि अमोनिया-नायट्राइटची तपासणी करत राहा. दोन्ही शून्यावर आले की मासा आणा. ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. आणि घरातला स्पंज कधीही नळाखाली धुवू नका. क्लोरिनने ते जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

फिल्टर दमदार हवा, कारण सकर खातो भरपूर आणि त्याची लांबलचक विष्ठा दिवसभर टाकीत तरंगत असते. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घाला. बोअरच्या जड पाण्यात ब्रिसलनोज राहू शकतो, फक्त एकदम बदल नको. नुसतं आरओचं पाणी वापरू नका.

तापमान २३ ते २७ अंश ठेवायचा प्रयत्न करा. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात हीटर लागतोच. हीटरला जाळीचं आवरण घाला, कारण सकर थेट त्याला चिकटून बसतो आणि पोट भाजतं. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण. विदर्भ-मराठवाड्यात टाकीचं पाणी ३२ अंशांच्या वर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा झाकण काढून वर जाळी लावा, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा. वीज जाते तिथे बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा. सकर वर येऊन हवेचा घोट घेतो, कारण तो जठरातून काही प्रमाणात हवेतला प्राणवायूही घेऊ शकतो. दिवसातून एखादा घोट ठीक. पण दर थोड्या वेळाने वर धावत असेल तर पाण्यात काहीतरी बिघडलं आहे, लगेच तपासा.

लपायला जागा

हा रात्रीचा प्राणी आहे. दिवसा अंधारी फट मिळाली नाही तर तो घाबरलेला राहतो आणि खाणं सोडतो. गावाकडे जुन्या घरावरची अर्धगोल नळीची कौलं असतील तर याहून चांगली गुहा विकत मिळणार नाही. घासून धुऊन, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पालथी मांडा. रंगवलेली किंवा चकाकी दिलेली नकोत. नारळाची करवंटीही चालते. मासा आत सहज शिरेल पण पाठ वरच्या बाजूला टेकेल, एवढीच उंची त्याला आवडते.

ड्रिफ्टवुडचा एक तुकडा ठेवाच. ब्रिसलनोज त्यावरचा थर खरवडत बसतो. पॅनाक आणि क्लाउन या प्रकारचे प्लेको तर लाकूडच खरवडून खातात. लाकूड पूर्ण वाळलेलं, चीक किंवा राळ नसलेलं हवं. पेरूची वाळलेली फांदी चालते. दोन-तीन आठवडे भिजवा, पाणी बदलत राहा. नंतरही पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका, त्याने माशाला त्रास होत नाही. खाली बारीक, गोलसर वाळू घाला. धारदार खडीने तोंड आणि पोट खरचटतं.

खाणं

इथेच सगळ्यात जास्त मासे मरतात. नव्या टाकीतलं शेवाळ एक ब्रिसलनोज काही दिवसांत संपवतो आणि मग स्वच्छ काचेच्या टाकीत उपाशी राहतो. मालकाला मात्र वाटतं, सगळं छान चाललंय. काळं, केसाळ शेवाळ तर तो खातच नाही; त्यासाठी दिवा सहा ते आठ तासांवर आणणं आणि इतर माशांचं खाणं कमी करणं हाच उपाय.

दिवा बंद झाल्यावर माशांसाठी मिळणारी, तळाला बसणारी शेवाळयुक्त वेफर टाका, एका माशाला एक पुरते. आठवड्यातून तीन-चार वेळा भाजी द्या: काकडी, दुधी, दोडका, लाल भोपळा, पालक, सोललेला वाटाणा. कडक भाज्या दोन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून गार करा. मीठ, तेल काही नको. चकती तरंगू नये म्हणून स्टीलच्या चमच्यात अडकवून तळाशी ठेवा. मासा पहिले दोन-तीन दिवस तिच्याकडे बघणारही नाही, चौथ्या दिवशी चकतीची नुसती कड उरेल. उरलेलं सकाळी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. आठवड्यातून एकदा गोठवलेले कृमी दिले तर ब्रिसलनोज आवडीने खातो, पण जास्त प्रथिनांनी पोट फुगतं.

उपाशी सकर गोल्डफिशच्या किंवा डिस्कसच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतो. त्याने त्यांना जखमा होतात. त्यामुळे गोल्डफिशच्या टाकीत सकर नको, हा माझा ठाम सल्ला. गप्पी, मॉली, टेट्रा, बार्ब यांच्याबरोबर ब्रिसलनोज शांत राहतो.

औषधांबाबत एक सावधगिरी: तांबं असलेली औषधं या माशांना सोसत नाहीत. अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे आले तर तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत वाढवा, एअर पंप जोरात चालू ठेवा आणि औषध द्यावंच लागलं तर निम्म्या मात्रेपासून सुरू करा.

पिल्लं झाली तर

नर-मादी जोडी सुखात असेल तर ब्रिसलनोज न सांगता अंडी घालतो. नराच्या नाकावर फांद्यांसारख्या मांसल मिशांचं जंगल असतं, मादीला कडेला चार-दोन आखूड. एका बाजूने बंद असलेल्या गुहेत नारिंगी अंड्यांचा घोस चिकटतो आणि पुढचे सगळे दिवस बाप दाराशी बसून परांनी वारा घालतो. तो खायलाही बाहेर पडत नाही. साधारण पाच दिवसांत पिल्लं फुटतात, आणखी आठवडाभर पोटातला बलक पुरतो, मग उकडलेला पालक आणि चुरलेली वेफर. हे पहिल्यांदा टॉर्चच्या उजेडात बघितलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत टाकीसमोरून उठलो नव्हतो. पण एका वेळी पन्नास-शंभर पिल्लं होऊ शकतात. घ्यायला कुणी नसेल तर जोडी वेगळी ठेवा.

मोठा झाला, आता काय

नदी, तळं, विहीर, देवळाचं कुंड, कुठेही सोडायचा नाही. भीमेवरच्या उजनी जलाशयात आज हेच सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. काट्यांनी जाळी फाटतात, मासा सोडवण्यात वेळ जातो, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात तर यांनी चिलापीच्या मासेमारीची वाट लावली. हे मासे काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात, त्यामुळे काठही ढासळतात. हवेचा घोट घेता येत असल्याने घाण पाण्यातही तगतात. आपल्याकडे ते पोहोचले ते कुणीतरी पाळण्यासाठी आणल्यामुळेच.

तुमच्याकडे आधीच मोठा सकर असेल तर तो ज्या दुकानातून घेतला तिथे परत घेतात का विचारा. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न असे मोठे मासे पाळणाऱ्यांकडे मोठ्या टाक्या असतात. शहरातल्या शौकिनांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फोटो टाका आणि टाकी किमान सहा फुटी आहे हे विचारूनच द्या. नेताना पिशवी नको. झाकणाच्या बादलीत त्याच टाकीचं पाणी भरा, मासा जाळीने न पकडता पाण्यातच टबमध्ये वळवून घ्या, बादलीवर ओलं फडकं टाकून अंधार करा. आदल्या दिवशी खाणं देऊ नका, म्हणजे प्रवासात पाणी खराब होणार नाही. आणि नव्या टाकीत सोडताना तिथलं पाणी अर्ध्या तासात थोडं थोडं बादलीत घालत जा.